गहाळ फर्मा

फिलोमिना टीचर कॅम्पातून चालत आल्या.
पिशवीत पुस्तक, पुस्तकाला कणा नाही.
"गुंडू, बांधून दे. घाई नाही, पण दे."
आयर्लंडातली गोष्ट, म्हणाल्या,
शंभर वर्षांमागची, बंदुका आणि चिखल.
मला इंग्रजी येतं ते पानांच्या आकड्यांपुरतं.

आकडे मी आधी मोजतो.
एकशे बारानंतर एकदम एकशे एकोणतीस.
सोळा पेजी फर्मा, अख्खा, गेलेला.

"तरी कळतं सगळं," टीचर म्हणाल्या.
"फिंटन म्हणून एक आहे, घोड्यांना नाल मारतो.
दाराकडे पाठ करून कधी बसत नाही.
स्वतःच्या लग्नात नाही.
चर्चमध्येसुद्धा शेवटचा बाक, भिंतीला चिकटून.
का, ते त्या सोळा पानांत असणार.
पण पानं नसली तरी तो तसाच बसतो, बघ की."

मी खळ ढवळत होतो.
मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद.
ढवळायचा थांबलो नाही.

माझा बाबा, भरमू जिनगार,
रामलिंगखिंड गल्लीतल्या ह्याच गाळ्यात बसायचा.
तोंड रस्त्याला, पाठ भिंतीला.
भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग.
दोनदा चुना मारला मी.
डाग वर येतो.

मोर्चांचं साल होतं.
पत्रकं रात्री छापायची,
छापणारा एक, चिकटवणारे तिघे, खळ आमची.
मग एका रात्री दारात बॅटरीचा उजेड,
आणि सकाळी पाटणेकरांचा नागोजी घरात नाही.
तीन महिन्यांनी आला तो डाव्या कानाने बहिरा.
नाव बाबानं सांगितलं म्हणतात.
नाही सांगितलं, असंही म्हणतात
तेच लोक, उतरल्यावर.
आईला विचारलं तर
"जेव गप."

एकाच नळावर पाणी भरलं आम्ही आणि पाटणेकरांनी,
चाळीस वर्षं.
घागरींचा आवाज व्हायचा, माणसांचा नाही.
गल्लीच्या पाटीवर डांबर आलं,
डांबरावर रंग, रंगावर पुन्हा डांबर.
पोस्टमन मात्र कधी चुकला नाही.

टीचरना एक सांगितलं नाही.
फर्मा फाटून जातो, दोरा जात नाही.
शेजारच्या फर्म्यात गाठ अडकून राहते,
तिची ओढ बसते,
आणि चांगली, धड, काही न केलेली पानंसुद्धा
त्या भोकाकडे कलतात.

मोनेश माझा, बेंगळुरूला, कंप्युटरवर.
त्याला मी ह्यातलं अक्षर सांगितलेलं नाही.
गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा
मोठ्या हॉटेलात नेलं त्यानं, काचेचं दार, एसी.
मी सवयीनं भिंतीकडच्या खुर्चीकडे वळलो
तर तो आधीच तिच्यात बसलेला.
मेनू हातात, डोळे दारावर.
"काय घ्याल बाबा?"
मी म्हटलं, काही पण चालेल.

पंधरा दिवसांनी टीचर पुन्हा आल्या.
धारवाडच्या लायब्ररीतून झेरॉक्स काढून आणलेली,
सोळाच्या सोळा.
"सांगू काय होतं ते?"
"नको," मी म्हणालो. "आधी शिवतो."

पिवळ्या कागदात पांढरा कागद.
सुई जुन्याच भोकांतून नेली, नवी पाडली नाहीत.
रात्रभर दाबाखाली ठेवलं,
वर बाबाच्या वेळचा शिळाछापाचा दगड.
सकाळी उचललं
तर पुस्तक आपलंआपण उघडलं,
एकशे तेरावर.
पुन्हा मिटलं. पुन्हा तिथंच.
एक एफ तेवढा ओळखला, मोठा, ओळीच्या सुरुवातीला.

साठ रुपये घेतले. टीचर सत्तर देत होत्या.

समोर पाटणेकरांचा नातू स्कूटर काढत होता,
एकदा माझ्याकडे बघून गेला, किंवा आरशात.
मी स्टूल थोडं फिरवलं.
पुरतं नाही.
थोडं.